मले आणि मला

नव्या साडीच्या खळीचा वास आला की नागपूरच्या बर्डीवरचं ते दुकान आठवतं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. रुळांच्या कडेनं पळस फुलला होता आणि आम्ही तिघी बालमैत्रिणी वरठीहून गाडीनं फिरायला गेलो होतो. मी नुकतीच हेडक्लार्क झालेली, म्हणजे माझ्या मते कलेक्टरच! दुकानात आमच्यातली कोंढा गावात राहणारी मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, मले ते हिरवी दाखवा जी." दुकानदार हसला आणि मला विचारता झाला, "या तुमच्यासोबत का?" "नाही हो," मी बोलून गेले, "मला ती निळी दाखवा." तिनं ऐकलं. हिरवी न घेताच ती पायरीवर जाऊन बसली. परतीच्या गाडीत मी संत्रं सोलून तिच्यापुढं धरलं, "घे ना वं." ती गोड हसली. "नको, मला भूक नाही. तुम्ही घ्या." मला! तुम्ही! पाटी थुंकी लावून पुसायच्या वयापासूनची मैत्रीण ती. मरेपर्यंत माझ्याशी तशीच बोलली. निळी साडी घडी न मोडता पडून आहे. घरात कुणी नसलं की मी मोठ्यानं म्हणते, "मले माफ कर वं." उत्तर येतंच, आणि मेली अजून शुद्धच बोलते, "तुम्ही कशाला माफी मागता?"