तळ्याकाठचे मुक्काम

उमरग्यात नागप्पा ड्रायव्हर म्हटलं की जुनी माणसं अजून ओळखतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर त्याची हयात गेली. तूर, गूळ, सिमेंट, कांदा, जे मिळेल ते ट्रकमध्ये भरायचं आणि निघायचं. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. अंघोळ, लिंगपूजा, जेवण, झोप, की पुन्हा रस्ता. महेश्वरी आणि तिच्या पाठचा श्रीशैल ही पोरं कधी मोठी झाली, हे त्याला धड सांगता यायचं नाही.

पण एक गोष्ट त्यानं कधी चुकवली नाही. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की मालकाकडून ट्रक मागून घ्यायचा, हौद्यात सतरंज्या, पाण्याची घागर, पीठमीठ टाकायचं आणि बायकोपोरांना घेऊन कुठंतरी मुक्कामाला जायचं. कधी येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगराखाली, कधी बसवकल्याणला, पण बहुतेक वेळा जळकोटच्या शिवारातल्या एका तळ्याकाठी. ट्रक पाण्याकडं तोंड करून लावायचा. ताडपत्रीचं एक टोक हौद्याच्या कड्यांना, दुसरं बाभळीला. झालं घर. पोरं ट्यूबवर बसून दिवसभर पाण्यात डुंबायची. चन्नम्मा तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापायची आणि पोरं चुलीपाशीच बसून गरम भाकरीवर शेंगाचटणी आणि तेल घेऊन खायची. जेवणं झाली की नागप्पा दोन्ही कुशींना दोघांना घेऊन रस्त्यावरच्या गमतीजमती सांगायचा, आणि सांगता सांगता पोरांच्या आधी तोच घोरायला लागायचा.

एरवी घरात न दिसणारा बाप त्या मुक्कामात अख्खा पोरांच्या वाट्याला यायचा. पोरांनीही ते दिवस जपून ठेवले. महेश्वरी लातूरला शाळेत शिकवते. दरसाल पहिल्या दिवशी वर्गाला तळ्याची गोष्ट सांगते. श्रीशैल पुण्यात कंपनीत आहे, चार देश फिरून आलाय, पण म्हणतो, "अप्पा, तसली झोप परत कुठंच लागली न्हाय." हे ऐकलं की नागप्पाची छाती फुगायची. आपण पोरांना दुसरं काय दिलं, असं मनात आलं की तो तळं आठवायचा.

गेल्या दिवाळीत श्रीशैल तंबू घेऊनच आला. निळा, पिशवीतून काढला की दोन काड्यांवर उभा राहणारा. बायको माहेरी गेली होती, पण लेक सृष्टी सोबत होती, आणि महेश्वरीही लातूरहून आली. "तळ्यावर जायचं," श्रीशैल म्हणाला. "सगळ्यांनी. पहिल्यासारखं."

चन्नम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमी जावा. म्या घर राखते."

"अव्वा, तुझ्या भाकरीशिवाय कसला मुक्काम?" महेश्वरीनं तिला मागून मिठीच मारली.

"गुडघं दुखतेत गं."

"उचलून नेतो," श्रीशैल हसला. नागप्पाही हसला आणि म्हणाला, "चल की गं. पोरं एवढी म्हणलीत." चन्नम्मानं पीठ काढून डब्यात भरलं.

तळं भरलेलं होतं. बाभळी मात्र तोडून नेलेल्या होत्या. श्रीशैलनं तंबू उभा केला, सृष्टी आत-बाहेर धावू लागली. महेश्वरी तिला जागा दाखवत होती: इथं ट्रक, इथं चूल, इथं तुझा बाबा चिखलात पडला होता. चन्नम्मानं भाकऱ्या केल्या, सगळ्यांना वाढलं. सृष्टी पाण्याकडं गेली की चन्नम्माची नजर भाकरीवरून उठून तिच्यामागं जायची. नागप्पाला ते तेव्हा दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

ऊन कललं तसं चन्नम्मानं हात धुतले, श्रीशैलच्या गाडीकडं गेली, मागच्या सीटवर बसली आणि आतून दार लावून घेतलं. नागप्पा थोडा वेळ वाट बघून गेला. काचेवर बोटानं वाजवलं. तिनं काच अर्धी खाली केली.

"काय झालं?"

"मला घरी न्या."

"आं? बरं वाटंना का?"

"बरं हाय. घरी न्या."

नागप्पाचा पारा चढला. पोरं पलीकडं हसत होती, म्हणून तो दबक्या आवाजात बोलला. "लेकरू पुण्याहून एवढ्या हौसेनं आलंय. एक रात्र तुला निघंना?"

चन्नम्मानं त्याच्याकडं बघितलं. रागानं नव्हे. दमलेलं माणूस बघतं तसं.

"लई रात्री काढल्या की इथं," ती म्हणाली. "आता न्हाय निघत."

"म्हंजी?"

"तुमी झोपायचाव. पोरं झोपायची. म्या बसायची."

नागप्पाला काही कळेना. मग ती बोलली. थांबत, काचेच्या फटीतून, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी. श्रीशैलला लहानपणी झोपेत उठून चालायची सवय होती. घरात दाराला कडी होती. इथं चार पावलांवर पाणी. ती आपल्या लुगड्याचा पदर त्याच्या पायाला बांधायची आणि उरलेला पदर मनगटाला गुंडाळून बसायची. रस्त्यावरचे दुसरे ट्रकवाले थांबायचे तिकडं, प्यायचे, आरडाओरडा करायचे. एकदा एक जण ताडपत्री उचलून आत बघून गेला. तेव्हापासनं ती जॅकची टामी, म्हणजे तो लोखंडी दांडा, मांडीवर घेऊन बसायची. आणि उजाडायच्या आत आडोसा शोधायचा. महिन्याचे दिवस त्याच सुट्टीत आले तर मग विचारूच नका.

"मला उठवायचं न्हाय व्हय?" नागप्पानं विचारलं.

"उठवलं की. पहिल्या वर्साला. तुमी म्हणलाव, वर्सभर मी जागतोय, दोन रात्री तरी झोपू दे. परत न्हाय उठवलं."

नागप्पानं आठवून बघितलं. काहीच आठवेना. तळं आठवत होतं, ट्यूब आठवत होती, कुठल्या वर्षी कुणाला विंचू दिसला तेही आठवत होतं. हे एक वाक्य तेवढं नव्हतं. पण ते आपलंच होतं, यात त्याला शंका वाटली नाही. तो तसंच बोलायचा.

पोरांना त्यानं सांगितलं, अव्वाला कणकण आलीय, मी घरी सोडतो, सकाळी गाडी घेऊन येतो, तुमी राहा. सृष्टीनं रडून गोंधळ घातला, श्रीशैलचं तोंड उतरलं, पण ती मंडळी राहिली. नागप्पानं लेकाची गाडी घेतली. जळकोट मागं पडलं. हायवेला लागल्यावर त्यानं आरशात बघितलं. चन्नम्मा मान टाकून झोपली होती, तोंड उघडं, हात मांडीवर सैल. आयुष्यभर माल वाहिलेल्या त्या माणसाला गाडी कशी चालवावी ते कळेनासं झालं. खड्डा दिसला की तो जवळजवळ थांबायचाच. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देत पुढं जात होते.

त्यानंतर नागप्पा घरात विचित्र वागू लागला. सकाळी तिच्याआधी उठून चहा करायचा आणि दूध उतू जाऊ द्यायचा. दुपारी ती आडवी झाली की दारात खुर्ची टाकून बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला "हळू बोला" म्हणायचा. चन्नम्माला ते सोसेना. "साकू आता," ती कन्नडातच म्हणाली, पुरे म्हणून. "आजारी हाय का म्या?"

"माझं चुकलं गं."

"व्हय, चुकलं. मग? आता काय करताव त्याचं?"

ती माफ केलं म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं चूक आहे तेवढीच धरली, वाढवली नाही आणि कमीही केली नाही. ते ओझं त्याच्याच्यानं एकट्यानं वाहवेना. एका रविवारी महेश्वरीचा फोन आला. तळ्याचे फोटो वर्गाला दाखवले, पोरं लई खूश झाली, असं ती सांगत होती. नागप्पाच्या तोंडून सगळं निघून गेलं. पदर, टामी, ट्रकवाले, सगळं.

"अप्पा," महेश्वरी म्हणाली, "मी तिच्याजवळच झोपायचे. मला कसं कळलं न्हाय?" आणि ती रडायला लागली.

चन्नम्मा भाजी निवडत होती. तिनं नवऱ्याचं बोलणं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर ती उठली, आणि इतक्या वर्षांत नागप्पानं तिला तशी चिडलेली पाहिलं नव्हतं.

"तिला कशाला सांगितलाव?"

"खरं ते..."

"खरं तुमच्यापाशी ठेवायचं होतं! लेकरांना ते दिवस गोड वाटतेत. गोड वाटावं म्हणूनच जागले ना म्या? पोरांना कळू दिलं न्हाय, ते काय येडी म्हणून? तुमाला जड झालं म्हणून तिच्या डोक्यावर दिलाव उतरवून."

नागप्पा खाली मान घालून उभा राहिला. पहिली चूक नकळत झाली होती, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. ही दुसरी त्यानं उघड्या डोळ्यांनी केली होती. एकदा झोपून तिची रात्र घेतली, आणि आता बोलून तिनं त्या रात्रींतून जे कमावलं होतं तेही घालवलं.

पुढच्या शनिवारी महेश्वरी लातूरहून आली. बापाशी नीट बोलली, पण पहिल्यासारखी खांद्याला रेलली नाही. सरळ आत गेली. नागप्पा ओट्यावर बसून राहिला. आतून आधी महेश्वरीचा हुंदका ऐकू आला, मग चन्नम्माचा आवाज, कन्नडात, दटावणारा. मग बराच वेळ नुसती भांडी. त्यानंतर चन्नम्मा काहीतरी सांगू लागली. पाणी प्यायला कोल्ह्याची जोडी यायची, म्हणत होती. एकदा इतक्या जवळ, की त्यांच्या जिभेचा आवाज ऐकू आला. पहाटे तळ्यावर धुक्याचा धूर बसायचा, पांढरा, गाईच्या पाठीएवढ्या उंचीचा. आणि तू गं, झोपेत पाढे म्हणायचीस, सातावर अडायचीस. म्या हळूच पुढचा सांगायची, की तू पुढं चालू.

"खरंच?" महेश्वरी म्हणाली.

"मग काय. तुझ्या बापाला तरी कुठं ठावं हाय."

दोघी हसल्या. महेश्वरीचं हसू अजून ओलं होतं, पण हसू होतं. ती आणखी विचारू लागली, आणि आई सांगू लागली. नागप्पाला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं. कोल्ही, धूर, सातचा पाढा. तो तिथंच होता, हाताच्या अंतरावर.

त्याला वाटलं, आत जावं, उंबऱ्यावर बसून ऐकावं. उठलाही. मग चप्पल काढता काढता थांबला. आत शिरलो तर चन्नम्मा बोलायची थांबेल, उठून आपल्याला चहा ठेवेल, आणि गोष्ट तिथंच तुटेल. तो परत ओट्यावर बसला, भिंतीला कान लावला नाही, पण उठूनही गेला नाही. कुणी बोलावलं असतं तर गेला असता. कुणी बोलावलं नाही, आणि तेच रास्त आहे असं त्याला वाटलं.