झोटवाड्याचे अमेरिकन पंख

सर्जेराव थापाड्या होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे जे झालं त्याचा सगळा दोष दुसऱ्यांच्याच माथी जाईल.

कोरेगावकडचा हा गडी फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झाला. गावी भावकीशी पटत नव्हतं, म्हणून जयपुरातच राहिला आणि झोटवाड्यात कूलरच्या फायबरच्या बॉड्या बनवणाऱ्या कारखान्यात लागला. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला कारकून, त्याच्या शेजारच्या खोलीत. एकाहत्तरच्या लढाईत तव्याचा पत्रा कापून आपण रणगाडा चालू केला, ही गोष्ट त्याने मला दहा-अकरा वेळा तरी ऐकवली आणि दर वेळी तवा मोठा होत गेला. त्याची बायको यमुना भाकरी थापता थापता म्हणायची, "बोलाची कढी, बोलाचाच भात." दहावीतली लेक लता तोंडावर ओढणी धरून हसायची. या दोघींनी एकदा तरी आपलं काम डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याला हौस होती.

अठ्ठ्याऐंशी साली तशी संधी आली. सी-स्कीम या श्रीमंत वस्तीतल्या राजनसेठने परदेशातून पाण्यावर पळणारी स्कूटर आणली होती. दर रविवारी तो दोस्तमंडळींना घेऊन कानोत्याच्या धरणावर जायचा. पण जोरात वळवली की स्कूटरचं बूड घसरायचं आणि सेठ पाण्यात. परदेशात तिच्या दोन्ही कुशींना मागच्या अंगाला पंख बसवतात, ते वळताना पाणी धरून ठेवतात. स्पॉन्सन म्हणतात त्यांना. सेठने मासिकातला फोटो कारखान्यात आणून दाखवला. सर्जेराव म्हणाला, "हो जाएगा, साहब." मला वाटलं, झालं, आणखी एक तवा.

पण या वेळी तो खरंच कामाला लागला. भंगारवाल्याकडून जुन्या चौकटीचं सागवान आणलं, तासलं, त्यावर फायबरचे थर चढवले. पहिली जोडी वाकडी झाली, ती फेकली. दुसरी जड झाली, तीही फेकली. तिसरी जमली. मधल्या रेघेपासून दोन्ही कुशींचं माप सुतळीने घेताना सुतळीचं दुसरं टोक मीच धरलं होतं. भोकं पाडायच्या आधी त्याने तीनदा मोजलं. बोल्ट बॉडीत रुतू नयेत म्हणून आतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिल्या, भोकांत सील करायचा गोंद भरला आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मग इंजिन उतरवून बॉडीत आतून पाणी ओतलं, खाली कोरडे कागद अंथरले आणि त्यांच्याकडे टक लावून बसला. एक थेंब पडला नाही. सहा आठवडे लागले या सगळ्याला. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

पुढच्या रविवारी तो यमुनाला, लताला आणि मला कानोत्याला घेऊन गेला. आम्ही काठावर डबा उघडून बसलो. सेठने स्कूटर सुसाट नेली आणि जागच्या जागी गर्रकन वळवली. बूड जराही हललं नाही. काठावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सेठ बाहेर आल्यावर एका पाहुण्याने विचारलं, "कहाँ से मँगवाए?"

"अमेरिका से," सेठ म्हणाला आणि सर्जेरावकडे वळला. "क्यों, छह हफ़्ते लगे ना आने में?"

सर्जेरावच्या टाचा आपोआप जुळल्या. "जी, साहब."

लताने बापाकडे पाहिलं. "पप्पा, मतलब तुम्ही नाही बनवले?"

तो स्कूटर पुसायला वळला. यमुनाने डबा झाकला. मी तोंडात घास धरून तसाच बसलो. परतीच्या बसमध्ये मी त्याला झापलं, तर म्हणाला, "साहेबाला चार लोकांत खोटं पाडायचं नसतं." फौजेतल्या चोवीस वर्षांच्या नोकरीत माणूस एवढंच शिकला.

त्यानंतर वर्षभर दर सोमवारी तो बसने कानोत्याला जायचा. तिथेच ठेवलेल्या स्कूटरच्या बॉडीत हात घालून एकेक नट चाचपायचा, सैल असेल तो आवळायचा, गोंद फाटला असेल तिथे खरवडून नवा भरायचा. घरी आल्यावर कुठे गेला होतात, असं कुणी विचारायचं नाही. पुढे सेठला नवी स्कूटर मिळाली, जुनी भंगारात निघाली. सेठने "ले जाओ" म्हटल्यावर सर्जेरावने पंख उतरवले आणि त्यातला एक पिशवीत घालून घरी आणला.

यमुनाचा आवाज चढला म्हणून मी गेलो. ती म्हणत होती, "दुसऱ्याची इलायती वस्तू घरात कशापायी आनली? चोरी म्हनतील."

"अगं, मी केलाय तो."

"आता बास करा तुमचं."

त्याने करवत घेतली. मी "नको" म्हणेपर्यंत पंखाचे दोन तुकडे झाले होते. फायबरच्या आत सागवान स्वच्छ दिसत होतं. ते त्याने तिच्यापुढे धरलं.

यमुनाने वाकून पाहिलं. "तिकडं काय झाडं नसत्यात व्हय? चांगली वस्तू, ती बी कापून ठिवली."

सर्जेराव खाली बसला. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, त्यानेच केलेत. मी सुतळी धरली होती, माझ्या डोळ्यांदेखत झालंय सगळं."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "कानोत्याला तुमी बी हुता की, भावजी. तवा का न्हाई बोलला?"