लेक आली की कोंबडी

माझं माहेर मिरजगावच्या पुढं, रानातल्या वस्तीवर. आईनं तिथं आयुष्यभर गावरान कोंबड्या पाळल्या, पण अंडी खायला नव्हे. अंडी ती खुडूक कोंबडीखाली ठेवायची, पिल्लं निघाली की घारीपासून जपायची, आणि मोठी झाली की माझी वाट बघायची. मी नगरच्या सावेडीहून एसटीनं येऊन दारात चप्पल काढतेय तोवर हिचा हात खुराड्यात! "अगं, आधी पाणी तरी दे," मी ओरडायची. "तू बस गप," ती म्हणायची. भाऊ चिडवायचा, "आमी काय सावत्र हाय व्हय? आमाला रोज पिठलं!"

कापायचं काम अण्णांचं, म्हणजे वडलांचं. पुढचं सगळं आईचं. कढत पाण्यात बुडवून पिसं उपटायची, हळद चोळून चुलीच्या जाळावर कातडी भाजायची, मग विळीवर तुकडे. मी हात लावायला गेले की "फ्लॅटवाल्यांना जमायचं न्हाई" म्हणून हाकलायची. मसाला घालायच्या आधीचा नुसता हळद-मिठाचा रस्सा, आमच्याकडं आळणी म्हणतात, तो पहिला मला. काळीजही मलाच. आईनं मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. तिचे लाड हे असे, वाटीतून यायचे.

मग तिला विसर पडायला लागला. तव्यावरची भाकरी करपायची, आम्ही हसायचो. हसायचो, काय सांगू आता! एकदा मी मुक्कामाला होते. सकाळी उठून बाहेर आले, तर आई चुलीपासून ताडकन उठली. "अगं बाई! कवा आलीस? कळवायचं तरी!" आणि निघाली खुराड्याकडं. आदल्या रात्रीचा रस्सा अजून पातेल्यात होता.

"आई, काल खाल्ली की आपण," मी म्हटलं. तिचा चेहरा पडला. ती तिथंच मातीत बसून रडायला लागली, "लेकीला उपाशी ठिवलं गं मी." अण्णांनी सुरी उचलली. मी त्यांच्यावर भडकले, तर म्हणाले, "तिला वाटतंय तू आत्ता आलीस. मग कापायला नगं? वस्तीवरची खात्यात, वाया न्हाई जात." मी चुलीवर पाणी तापत ठेवलं.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. बोटं मात्र तिची काही विसरली नव्हती. पिसं काढायला बसली की एक तूस राहायचं नाही. पण अंडी बसवायचं तिच्या ध्यानात राहीना, आणि कोंबड्या कमी व्हायला लागल्या. मग मीच येताना मिरजगावच्या बाजारातून कोंबड्या घ्यायला लागले. पिशवी मागच्या बाजूनं अण्णांच्या हातात द्यायची आणि मग रिकाम्या हातानं पुढच्या दारानं यायचं. नवरा हसला, "माहेरचा पाहुणचार स्वतःच विकत घेऊन जातेस?"

"हो, जाते!" मी फटकारलं. "मला बघून तिचा हात खुराड्यात गेला पाहिजे, बास. तोवर ती मला ओळखते."

गेल्या महिन्यात गेले, तेव्हा अंगणात कोंबड्या चांगल्या उकरत होत्या. आई ओट्यावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, डोक्यावर पदर ओढला, आणि आत तोंड करून म्हणाली, "अवो, पाव्हणी आलीय. च्या टाका."

अण्णा दारात आले. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं आणि चहा ठेवायला आत गेले.

मी तिच्याशेजारी बसले. कोंबड्यांकडं बोट करून म्हटलं, "आज एखादी कापू या का?"

ती ओशाळली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "राग मानू नका बाई. माझी लेक यायची हाय. तिच्यासाठी राखल्यात त्या."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "ठेवा तिच्यासाठी."