मळक्या जर्सींची बॅग

"तू घे ना. तुमच्यात सवय असते या कामाची."

केतकी हे मराठीत म्हणाली. हळू आवाजात, हसत, बुटाची नाडी सोडता सोडता. सामना संपला होता. सिंगापुरातल्या यिशुनच्या मैदानाबाहेर बाकांवर आम्ही सगळ्या घामाने निथळत बसलो होतो. बाकीच्यांना मराठी येत नाही. ते वाक्य फक्त माझ्यासाठी होतं, आणि ते मला नीट पोचलं.

समोर संघाची मोठी निळी बॅग होती. आत सोळा जर्सी, सोळा चड्ड्या, बत्तीस मोजे. सगळं चिखलाने भरलेलं.

आमच्या फुटबॉल क्लबमध्ये एक नियम आहे. संघात सगळ्यात शेवटी दाखल झालेल्या खेळाडूने संघाचे कपडे धुवायला न्यायचे. तिच्यानंतर दुसरी आली की बॅग तिच्याकडे. नियम इंग्लंडहून आला. क्लब काढणारी हेलन तिकडे एका छोट्या गावाच्या क्लबकडून खालच्या लीगमध्ये खेळायची. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती सिंगापूरला आली आणि तिने इथे पस्तिशीपुढच्या बायकांचा संघ उभा केला. जर्सीचा रंग तिकडचा, नियमही तिकडचे.

मी आले तेव्हा शेवटची होते, म्हणून बॅग घेतली. मी मालवाहतूक कंपनीत हिशेब तपासते. नियम पाळायला मला आवडतं. माझ्यानंतर दोन इंग्लिश बायका आल्या, मग एक ऑस्ट्रेलियन. बॅग माझ्याकडेच राहिली. "तू किती स्वच्छ धुतेस," हेलन म्हणायची. मी खूश व्हायचे. खरंच व्हायचे.

मग केतकी आली. पुण्याची. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला कॉन्डोत, म्हणजे महागड्या खासगी सोसायटीत. मराठी बोलायला कुणी मिळालं म्हणून मला आनंद झाला. पहिल्या दिवशी तिने आडनाव विचारलं. मग गाव. कोल्हापूर म्हटल्यावर, कोल्हापुरात कुठे? मी वस्तीचं नाव सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली. असं "अच्छा" मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

त्या रविवारी हेलनला नियम आठवला. "केतकी, आता तुझ्याकडे," म्हणत तिने बॅग सरकवली. तेव्हा केतकी ते वाक्य बोलली.

आणि मी हसले. हसून बॅग उचलली, खांद्याला लावली.

शेचाळीस वर्षांची बाई मी. उचलायची तर गप्प राहून उचलता आली असती. हसले कशाला? ते हसू मला अजून गिळता येत नाही.

बसमध्ये ओल्या मोज्यांचा वास सुटला. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली. मी बॅग पायांनी सीटखाली ढकलली आणि खिडकीकडे तोंड केलं. वास जणू माझ्याच अंगाचा होता.

हौगांगला घरी आले. न्हाणीघरात उकिडवी बसून मोजे घासत होते. पंधरा वर्षांची माझी मुलगी दारात उभी राहिली. ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत बोलते.

"आई, दॅट वन नॉट युअर टर्न, राइट?"

"तिला वेळ नसतो गं."

"यू ऑल्सो नो टाइम लाह." मग ती म्हणाली, "यू स्केअर्ड ऑफ हर?"

मी नळ मोठा सोडला.

माझ्या आईने जन्मभर सरकारी इस्पितळात चादरी धुतल्या. रक्ताच्या, घाणीच्या. धुण्याची लाज तिला नव्हती, मलाही नाही. पण आई पगार घ्यायची. साबण कमी आला तर मुकादमाशी भांडायची. मी फुकट धूत होते आणि वर आभार मानत होते.

का, तेही सांगते. कोल्हापुरात फुटबॉलवरून पेठांमध्ये मारामाऱ्या व्हायच्या. मी कुंपणाबाहेरून बघायचे. मुलगी, आणि त्यातून आमच्या वस्तीतली. चेंडू बाहेर आला की पोरं ओरडायची, "हात लावू नको गं. पायानं ढकल." मी पायाने ढकलायचे. तशीच मी चेंडू मारायला शिकले. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला संघात घेतलं होतं, पाठीवर नंबर दिला होता. तो जाईल ही भीती होती. मुलीने बरोबर ओळखलं होतं.

पुढच्या शनिवारी क्लबचा वर्धापनदिन होता, हेलनच्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये. मी धुतलेले कपडे घड्या घालून नेले. जेवण झाल्यावर हेलनने तिच्या गावच्या क्लबची गोष्ट सांगितली. इंग्लंडात जवळजवळ पन्नास वर्षं फुटबॉल संघटनेच्या मैदानांवर बायकांना बंदी होती. बंदी उठली तेव्हा त्या गावातल्या बायकांनी संघ काढला. पुरुषांच्या क्लबने मैदान दिलं, पण अट घातली की आमच्या संघाचे कपडे तुम्ही धुवायचे. काही दिवस त्यांनी धुतले. मग एका शनिवारी धुणं तसंच परत केलं आणि त्या गावच्या बागेत जाऊन खेळल्या. कपडे सार्वजनिक संडासात बदलायच्या.

"तिथून आपण सुरू झालो," हेलन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केतकीने वाजवल्या. मीही वाजवल्या. साबणाने फुटलेले माझे तळवे चुरचुरले, तेव्हा मला कळलं मी कशाला टाळ्या वाजवते आहे.

मी उभी राहिले. इंग्रजीत म्हणाले, "नियम शेवटच्या खेळाडूचा आहे. शेवटची केतकी. बॅग माझ्याकडे का, ते तिने मला मराठीत सांगितलं. मी तुम्हाला इंग्रजीत सांगते."

सांगितलं. 'तुमच्यात' म्हणजे कुणात, तेही सांगितलं. सिंगापुरात माझी जात मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली. मान वर करता येत नव्हती. लाज तिला वाटायला हवी होती, आणि घाम मला फुटला होता.

"अगं, गंमत केली," केतकी मराठीत म्हणाली. "आपल्या माणसांची अशी परक्यांपुढे शोभा करतात का?"

"इंग्रजीत बोल," मी म्हणाले. "सगळ्यांना कळू दे."

ती खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. हेलनचा चेहरा लाल झाला होता. "वाद नको," ती म्हणाली. "यापुढे माझी हेल्पर धुवेल."

तिची हेल्पर, घरकामाला राहणारी बाई, तिथेच प्लेटा गोळा करत होती. तिला कुणी विचारलं नाही. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. क्षणभर माझाही झाला. हे लिहिताना मला सगळ्यात जड जातंय. माझ्या खांद्यावरचं ओझं तिच्या खांद्यावर जात होतं, आणि मला हायसं वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "ती आपल्यात खेळत नाही. जिने मळवलं तिने धुवावं."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हेलनचा मेसेज आला. वातावरण निवळेपर्यंत काही रविवार विश्रांती घे. मी लिहिलं, "मी दमलेली नाही. रविवारी येते. मला काढायचं असेल तर सगळ्यांसमोर सांग, कारणासकट."

उत्तर अजून आलेलं नाही. संघात ठेवतील की नाही, माहीत नाही. ते त्यांनी ठरवावं आणि माझ्या तोंडावर सांगावं. मी आपण होऊन जाणार नाही. खेळायला मिळावं म्हणून कुणाचं मळकं उचलणार नाही, आणि माझी सुटका व्हावी म्हणून ते दुसऱ्या बाईच्या हातात जाऊ देणार नाही.