आत कोणी आहे का?

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. सव्वीस वर्षं झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नळ, उचक्या, भांडणं, पाहुणे, सगळंच लिफ्टसारखं दुरुस्त करायला बघतात, त्याला काय करू?

यांची पद्धत ठरलेली. काहीही बिघडलं की पहिली पायरी, "कुणीही कशाला हात लावायचा नाही." दुसरी, "शेवटचं नीट कधी चालत होतं?" तिसरी, "एका वेळी एकच बदल." बदल करायचा, थांबायचं, बघायचं. नाही जमलं तर होतं तसं करून ठेवायचं आणि मग पुढचा बदल. ऐकायला छान वाटतं. संसार करून बघा म्हणजे कळेल.

एकदा माझी बहीण आली होती, तिला उचकी लागली. मी पाणी आणायला उठले, तर यांनी हात आडवा केला. "थांब. आधी विचारू दे. उचकी नव्हती असा शेवटचा क्षण कोणता?" बहीण हसून हसून पलंगावर आडवी झाली आणि उचकी गेली. यांनी गंभीर चेहऱ्यानं वहीत लिहिलं, "हसणे. एकदा सिद्ध. पुन्हा तपासणे." तेव्हापासून ती बिचारी आमच्याकडे उचकी आली तरी दाबून धरते.

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा मी म्हटलं, प्लंबरला बोलवा. नाही! तीन दिवस रोज एकच भाग बदलला, खाली वाटी ठेवून थेंब मोजले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली आणि तो नळ पुन्हा एकदाही गळला नाही. हे मी त्यांच्यासमोर कधी बोलत नाही.

आता माझं सांगते. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे, एकोणीस वर्षं. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं माझ्या हाताखालून जातं. आमच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागेसाठी मुलाखती ठरल्या. मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे काय, जीव तुटत होता. पण समोर दोन शिकलेल्या मुली, आणि मला चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की अर्धं वाक्य तोंडातच राहतं.

एका संध्याकाळी मी यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, "अहो, मला भीती वाटतेय. मिळेल का हो मला?"

बायको असं विचारते तेव्हा काय म्हणायचं असतं? "मिळेल गं!" संपलं. दोन शब्द. यांनी पेन काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर कागद! "एक, आवाज लहान आहे. दोन, वाक्य अर्धवट सोडते. तीन, रागावली की गप्प बसते."

मी म्हटलं, "मिळेल एवढं म्हणता येत नाही तुम्हाला?"

तर म्हणे, "नक्की कसं सांगू? अजून तपासलं कुठे?"

त्या क्षणापासून मी बोलणं बंद केलं. तिसऱ्या मुद्द्याचं प्रात्यक्षिकच म्हणा. चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

मुलाखतीचा दिवस उजाडला. अकराची वेळ. हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर, तरी मी पावणेदहालाच निघाले. यांची सुट्टी होती, पण हे सकाळपासून गायब. मी सहाव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरले. चौथ्याच्या थोडं वर गचका बसला आणि लिफ्ट थांबली.

मग चौथ्या मजल्यावरून ओळखीचा आवाज आला. "आत कोणी आहे का?"

हे! लिफ्ट दोन दिवस अडकतेय म्हणून इमारतीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशीही यांनाच पकडलं होतं. यांच्या खिशात कामाचं कार्ड असतं, त्यावर पहिली ओळच ती. तीनदा विचारायचं, प्रत्येक वेळी दहा आकडे मोजून थांबायचं.

आणि मी तीनही वेळा गप्प बसले.

हो, बसले! ओ दिली असती तर अबोला मीच मोडला असा अर्थ झाला असता. मला वाटलं, दोन मिनिटांत सुरू करतील, मी खाली उतरून ताठ मानेनं यांच्यासमोरून निघून जाईन. कसला बेत तो! हे वर गच्चीवरच्या, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत गेले आणि मेन स्विच बंद केला. आत काळाकुट्ट अंधार.

फोनला रेंजची एक काडी नाही. लिफ्टची घंटी महिनाभर मुकी. तीही यांच्या यादीत होती, तिची पाळी यायची होती. हे परत खाली येऊन चौथ्याच्या दरवाज्याशी खुडबुड करू लागले. सावकाश. एका वेळी एकच स्क्रू. मी फोनवर घड्याळ बघत होते. दहा. दहा दहा. सव्वादहा. माझ्या एकोणीस वर्षांच्या चादरी डोळ्यांपुढून जायला लागल्या. अगं बाई, या हट्टापायी जागा जाईल!

तरी बोलले नाहीच. पायातली चप्पल काढली आणि भिंतीवर हाणली.

बाहेर हातातलं काहीतरी खाली पडलं. "कोण आहे?" मी पुन्हा हाणली. हे लगेच पद्धतीवर आले. "घाबरू नका. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. लागलंय कुठे?"

दोन ठोके.

"श्वास नीट घेता येतोय?"

एक.

"तिसऱ्या मजल्यावरच्या काकू का?"

दोन. असे हाणले की लिफ्ट हलली.

मग बाहेरून हळूच, "तू आहेस?"

एक.

"अगं, मी तीनदा विचारलं, तेव्हा ओ का दिली नाहीस?"

हा प्रश्न काही एका-दोन ठोक्यांत बसणारा नव्हता. त्यांच्याही ते लक्षात आलं. "रागावली आहेस?" एक. "फ्रिजवरच्या कागदामुळे?" एक. "कागदात चूक होती?" नाइलाजानं दोन. चूक नव्हती हो, तेच तर दुखत होतं. "मग कागदच नको होता?" एक. "मी नुसतं ऐकायला हवं होतं?"

मी ठोका मारायला हात उचलला आणि मला रडूच फुटलं. एवढं साधं त्यांना कळायला अंधारी लिफ्ट लागली.

यांनी वॉचमनला दारापाशी उभं केलं आणि वर धावले. सव्वीस वर्षांत यांना जिन्यात धावताना कुणी पाहिलं नव्हतं. वरचं चाक हातानं फिरवून लिफ्ट इंच इंच खाली घेतली, वॉचमन "अजून, अजून, बस!" ओरडत होता. दार उघडलं तेव्हा दहा चाळीस झाले होते. हे धापा टाकत समोर आले. दाराला घासून माझ्या बाहीला ग्रीस, एक चप्पल हातात, डोळे लाल. मी वाट बघत होते, आता पहिली पायरी सांगतील.

"जा," म्हणाले. "तुलाच मिळणार."

"तपासलंत?" मी विचारलं. चार दिवसांतला माझा पहिला शब्द.

"नाही. तरी सांगतोय."

मी पळाले. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मशीन बंद, दोन बायका गैरहजर, आणि ऑपरेशनच्या कपड्यांसाठी वरून फोनवर फोन. काय कराल?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, आणि मोठ्यानं निघालं, "आधी कुणाला कशाला हात लावू देणार नाही. मग विचारीन, शेवटचं नीट कधी चालत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलीन. आणि कुणी बाई कोपऱ्यात गप्प बसली असेल, तर तिच्याकडे सगळ्यात आधी जाईन." साहेबांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग बाहीवरच्या ग्रीसकडे.

दुसऱ्या सोमवारी मी मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसले.

फ्रिजवरचा कागद यांनी त्याच दिवशी काढला होता. कामाचं कार्ड मात्र परवा शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलं. पहिली ओळ तीच होती, "आत कोणी आहे का, तीनदा विचारा." तिच्याखाली पेनानं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, "उत्तर आलं नाही, तर बायको आत आहे असं समजून उघडा."