पुसलेल्या डिस्कमधले आवाज

बाबांची हार्ड डिस्क माझ्याच हातून पुसली गेली. भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती. घरात दोन काळ्या डिस्क होत्या, दिसायला सारख्याच. हाताला आली ती लॅपटॉपला लावली, फॉरमॅट केली, व्हिडिओ चढवायला लावला आणि कणीक भिजवायला गेले. संध्याकाळी बाबा म्हणाले, "माझी डिस्क कुठं ठेवली वं?" तेव्हा लक्षात आलं.

बाबा पोस्टमन होते. नोकरीतली बहुतेक वर्षं एकाच भागात टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर छोटा रेकॉर्डर खिशात टाकून ते त्याच गल्ल्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायला लागले. विचारायचे एकच, आलेलं कोणतं पत्र अजून आठवतं? त्यांतल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं बाबांनीच उंबऱ्याशी उभं राहून वाचून दाखवलेली. अशी दोनशेच्या वर माणसं त्या डिस्कमध्ये होती, आणि त्यातली निम्मी आता हयात नव्हती.

बाबा रागावले नाहीत. "निघतीन का?" एवढंच विचारलं.

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवा, असं मुलांना दरवर्षी सांगते. फॉरमॅट केलं की आतला मजकूर लगेच जात नाही, काय कुठं ठेवलंय त्याची यादी जाते, हे मला ठाऊक होतं. पण वर नवं काही लिहिलं की तेवढी जागा कायमची गेली. मी तर अख्खं लग्न लिहून बसले होते.

लॅबमधला लिनक्सचा जुना लॅपटॉप आणला. आधी डीडीरेस्क्यू चालवून डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घेतली, म्हणजे मूळ डिस्कला पुन्हा हात लावायला नको. काळ्या पडद्यावर टक्के सरकत राहिले. मग टेस्टडिस्कनं जुनी यादी शोधून पाहिली. काही फोल्डरांची नावं दिसली, आत काही उघडेना. शेवटी फोटोरेक लावलं. नाव फोटोचं असलं तरी ते आवाजाच्या फाइलीही शोधतं. यादीकडे न बघता सगळी डिस्क चाळतं आणि फाइलीच्या सुरुवातीची खूण दिसली की ती बाहेर काढतं. त्यानं शेकडो फाइली काढल्या. पण एकीलाही नाव नव्हतं. एफ, आणि पुढे नुसते आकडे.

तिथून खरं काम सुरू झालं. सकाळी सहा ते आठ मी एकेक फाइल लावायची, बाबा डोळे मिटून ऐकायचे. ऐकू यावं म्हणून मे महिन्यातही कूलर बंद. "हे नळाजवळचं घर," बाबा सांगायचे, मी नाव टाइप करायची. काही वाक्यं मध्येच तुटायची, खरखर व्हायची आणि पुढे भलत्याच माणसाचा आवाज यायचा. मान धरायची. लॅबमध्ये बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकदा मी म्हटलं, "बाबा, आता पुरे ना." ते म्हणाले, "थकली असशीन तर राहू दे." मी पुढची फाइल लावली.

एक दिवस ते म्हणाले, "एक बाई सापडून नाही राहिली." मी सगळं पुन्हा चाळलं. नव्हती. ती लग्नाच्या व्हिडिओखाली गेली असणार.

ती बाई मात्र हयात होती, शहराच्या कडेला बेसा भागात मुलाकडे. रविवारी स्कूटरवर बाबांना घेऊन गेले. चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली ती बसलेली. नव्वदीला आलेली.

"तुले सांगतलं होतं ना एकदा," ती म्हणाली.

"ते पुसल्या गेलं, मावशी."

"मी पुसलं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगायला लागली. बाबांनी मोबाइल चालू करून तिच्यापुढे ठेवला. पत्र रामटेककडच्या गावाहून तिच्या भावाचं होतं. आई आठवण काढते, धानाची रोवणी झाली की ये.

"तू इतकंच वाचलं होतं," ती म्हणाली. "त्यात अजून एक ओळ होती. एकटी ये, जावयाले आणू नको."

बाबांनी मोबाइल तिच्या आणखी जवळ सरकवला.

"आमी दोघंही गेलो. भावानं ह्यांले दारातूनच परत पाठवलं. हे पुन्हा कधी माझ्या माहेरी आले नाहीत. मले वाटे, भाऊ असा एकदम कसा फिरला. मंग नात वाचायले शिकली, तिच्याकडून ते पत्र वाचून घेतलं. तवा हे नव्हते राहिले."

"मागच्या वेळी काहून नाही सांगतलं?"

"तू समोर बसून चहा पिऊन राहिला होता. कसं सांगू?"

"मी तवा नवाच होतो, मावशी. मले वाटलं, वाचलं तर तुले लागन."

"हो. पोरगाच होता तू," ती म्हणाली, आणि सुनेला पोहे करायला सांगितले.

बाबांनी मोबाइल बंद केला नाही. पोहे खाताना भांड्यांचे आवाजही त्यात आले आहेत. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "ते सगळं तसंच ठेव. कापू नको."

दुसऱ्या दिवशी सहाला ते खुर्चीत येऊन बसले. पुढच्या कामात ते मधूनच थांबवायला सांगत, तीच फाइल पुन्हा लावायला लावत, आणि कधी स्वतःशीच म्हणत, "हे पत्र मी पुरं वाचलं होतं का?" जुलैपर्यंत साठेक फाइली बिननावीच उरल्या. ते आवाज बाबांनाही ओळखता येईनात. आम्ही तिथंच थांबलो. होतं तेवढ्याच्या दोन प्रती केल्या, एक घरी आणि एक धाकट्या बहिणीकडे ठेवली.