दोन ठोके आणि एक

आमचे आप्पा, म्हणजे माझे आजोबा हिलाल पाटील, एकतीस वर्षं सुरतजवळ उधन्याला कापडाच्या कारखान्यात लूमवर होते. कान निम्मे तिथेच गेले. घरात टीव्ही बोंबलत असतो आणि त्यांचं म्हणणं, आम्हीच तोंडातल्या तोंडात बोलतो.

अशा माणसाला मी शनिवारी संध्याकाळी संगीत ऐकायला नेलं. चार कलाकार, आधी ठरवलेलं काहीच नाही, सुचेल ते वाजवायचं. एक बाई व्हायोलिन खरवडत होती. एकजण भंगारातल्या लूमच्या सांगाड्यावर सुताची रिकामी कांडी आपटत होता.

"हाई ऐकाले तिकीट लागस?" आप्पांनी मोठ्याने विचारलं. पुढच्या रांगेने वळून पाहिलं.

तेवढ्यात त्या लूमवाल्याने दोन ठोके दिले, थांबला, आणि एक.

आप्पा ताडकन उठले. "उनू वं," म्हणाले, म्हणजे आलो गं, आणि चक्क चालू लागले. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धरून त्यांना खाली बसवलं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सांगितलं. आजी त्याच कारखान्यात कांड्या भरायची. शेजारच्या लूमवर सासरे, मग नवऱ्याला हाक कशी मारणार? नाव तर तिने मरेपर्यंत घेतलं नाही. जेवायचा डबा उघडला की ती कांडीने लोखंडावर ठोकायची. दोन, थांबून एक. एवढ्या खडखडाटात आप्पांना तेवढं बरोबर ऐकू यायचं. आजीला जाऊन सहा वर्षं झाली.

आप्पा त्या कलाकाराकडे गेले. "भाई, वो फिरसे बजाओ ना."

बिचाऱ्याने चार-पाच तऱ्हांनी वाजवून पाहिलं. आप्पा दर वेळी मान हलवत राहिले. "काका, हम याद नहीं रखते," तो शेवटी म्हणाला आणि कांडी त्यांच्या हातात दिली. "आप ही बजाके दिखाओ."

आप्पांनी कांडीवरून अंगठा फिरवला. आता वाजवतील म्हणून मी श्वास रोखून उभी. त्यांनी ती परत दिली.

रिक्षात मी चिडलेच. "वाजवायचं ना, आप्पा. तुम्हाला तर येतं."

ते बाहेर बघत म्हणाले,

"आपलं नाव आपनच लीसन काय फायदा, माय?"